पाकिटातलं रबर

बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या या माणसाला धक्क्यावर सगळे 'अगोदर' म्हणत. खरं नाव त्याच्या बायकोलाही फॉर्म भरतानाच आठवायचं. कुणी इंजिन तपासायला आणलं, की झाकण उघडायच्याही आधी तो म्हणायचा, "बंद पडायच्या अगोदर बदलून टाकू." पेट्रोलची नळी चिरण्याअगोदर, प्लग काळा पडण्याअगोदर. घरातही तेच. कुकरची रिंग, चपलेचा अंगठा, बाथरूममधला चांगला चालू दिवा. बायको शेजारणींना सांगे, "तीस वर्षं झाली, मला अजून बदललं नाही, एवढंच काय ते नवल."

लोक हसत, आणि निम्मे जण त्याचं ऐकत नसत. निमूट ऐकायची ती त्याची धाकटी बहीण. तिची स्वतःची बोट होती. आठवड्यातून चार दिवस ती दवाखान्यातल्या नर्सबाईंना लसींच्या डब्यासकट नदीपलीकडे पोचवायची. हेच तिचं मुख्य काम. दवाखान्याच्या साहेबांना मात्र जीप बरी वाटे. रस्ता लांबचा, पण भरवशाचा. बोट एकदा जरी अडली तरी त्यांना निमित्त मिळेल, हे बहीण ओळखून होती. म्हणून दर वर्षी न चुकता ती भावाकडून इम्पेलर बदलून घ्यायची.

इम्पेलर म्हणजे इंजिनाच्या पाण्यात बुडणाऱ्या पायात बसवलेला, बिस्किटाएवढा रबरी पंखा. तो नदीचं पाणी वर खेचतो आणि इंजिन थंड ठेवतो. मागून पाण्याची पिचकारी उडताना दिसली, की समजायचं सगळं ठीक आहे.

त्या वर्षी इम्पेलर बदलून पंधरा दिवस झाले नव्हते, तोच भर नदीत पिचकारी थांबली. इंजिनाची धोक्याची शिटी वाजली. बहिणीने लगेच ते बंद केलं आणि पाऊण तास वल्ही मारून बोट माघारी आणली. नर्सबाई घामाघूम झाल्या होत्या, लसी थंडच होत्या. साहेबांना कारण कळवायचं म्हणून त्या वही काढून धक्क्यावरच बसल्या.

नदीत त्या दिवसांत शेवाळ बरंच होतं. शेवाळाने पाणी खेचायचं तोंड बुजलं तरी पिचकारी बंद पडते, आणि त्यात कुणाचा दोष नसतो. बहिणीने भावाला बाजूला घेतलं. नुसतं शेवाळ म्हण, म्हणाली, कुणाचं काही जात नाही आणि माझं काम राहतं.

त्याने बोल्ट सोडवून इंजिनाचा पाय उतरवला, पंप उघडला. सहापैकी तीन पाती मुळापासून तुटली होती. चौथं त्याने अंगठ्याने दाबलं, तर ते वाळक्या सालीसारखं मोडलं. नऊ वर्षांपूर्वी हे इम्पेलर मिळेनासे होणार अशी आवई उठली, तेव्हा टंचाईच्या अगोदर त्याने एक गठ्ठाच घेऊन ठेवला होता. तापल्या पत्र्याखालच्या फळीवर पाकिटं सीलबंद पडून होती. आधीच्या वर्षांत त्यातली वापरली ती निभावून गेली. फिरणारं रबर झिजतं, हे तो सगळ्यांना शिकवत आला होता. पाकिटात पडून राहिलेलं रबरही म्हातारं होतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"शेवाळच ना?" नर्सबाईंनी विचारलं.

"नाही. इम्पेलर माझ्याकडचा. शिळा निघाला."

बहीण तिथेच उखडली. सख्ख्या बहिणीसाठी एवढीशी गोष्ट तुला झाकता आली नाही का, म्हणाली.

"तुझं इंजिन उघडून झालं," तो म्हणाला. "याच गठ्ठ्यातले आणखी पाच जणांना बसवलेत. ते आत्ता पाण्यात आहेत."

नर्सबाईंनी ऐकलं तेच लिहिलं. संध्याकाळपर्यंत त्याने फोन करकरून पाचही बोटी माघारी बोलावल्या. पहिल्याने थट्टा केली, की चालतं इंजिनही आता उघडणार का. उघडणार, एवढंच तो म्हणाला. दोन इंजिनांत पाती तडकायला लागलेली सापडली. नवे इम्पेलर त्याने स्वतःच्या पैशांनी आणून बसवले, तरी त्या पाचांतल्या एकाने पुढे दुसरा मिस्त्री धरला.

महिनाभर दवाखान्याची जीप धावली. नंतर बोट पुन्हा सुरू झाली, पण चार दिवसांचे दोन झाले. उरलेले दिवस बहीण सामान वाहायला लागली. भावाकडे येणं तिने सोडलं. वहिनीशी फोनवर बोले, तेवढंच.

वर्ष भरलं तसं तिने इंजिन त्याच्या दुकानात आणून टेकवलं. इम्पेलरचं पाकीट तिने स्वतः आणलं होतं, पावतीसकट. त्याने पाकीट फोडलं आणि पंपाकडे वळला.

"थांब दादा," ती म्हणाली. "वाकवून दाखव."

त्याने एकेक पातं चिमटीत धरून पार दुमडलं. सहाही. तिने चष्मा लावून प्रत्येकाचं मूळ पाहिलं. कुठे चीर नव्हती. मग तिने स्टूल ओढलं आणि शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत तिथेच बसून राहिली.