खंडेरावाच्या घरी गरुडपुराण

गावात कुणी गेलं की आधी सुतळी-बांबू आणायला माणूस धावायचा आणि दुसरा निवृत्ती आप्पांकडे. ओझरच्या विमान कारखान्यात बत्तीस वर्षं सुट्या भागांची मापं तपासून आप्पा घरी बसले, आणि तेव्हापासून सुतकाच्या घरी दहा दिवस गरुडपुराण वाचायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. दक्षिणा घेत नसत. चहा मात्र दोनदा लागायचा, आणि साखर कमी पडली तर तोंडावर सांगायचे.

वाचायला काय, कुणीही वाचतं. हल्ली तर काही घरांत मोबाईलवर पुराण लावून देतात आणि मंडळी अंगणात बसून द्राक्षांच्या फवारण्यांवर बोलतात. पण नरकांचा अध्याय ऐकावा तो आप्पांकडूनच. आवाज असा चढायचा की तेलाची कढई ओसरीवरच उकळते आहे असं वाटावं. एका वायरमनने तर तो अध्याय ऐकून दारू सोडली होती. चार दिवस का होईना, सोडली होती! अध्याय संपला की पोथी मिटता मिटता आप्पा एक वाक्य पदरचं घालत, "आणि इथून सुटका नाही, कधीच नाही." पोथीत ते वाक्य नव्हतं. उलट यातना भोगून संपल्या की जीव पुन्हा जन्माला येतो, असं पोथी पुढे सांगते. आप्पांना ते पक्कं माहीत होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातली केसभर चूक पकडणारा माणूस ही स्वतःची चूक जाणूनबुजून करत होता.

का करत होता, हेही गावाला ठाऊक होतं, म्हणून कुणी त्यांना टोकत नसे. अकरा वर्षांपूर्वी गावातल्याच खंडेरावाने दारू पिऊन पिकअप चालवली आणि फाट्यावर महेशच्या मोटरसायकलला उडवलं. महेश आप्पांचा एकुलता एक मुलगा. तेवीस वर्षांचा होता. खंडेराव दीड वर्ष आत बसला आणि सुटून परत गावात आला, दाढी करून. ती गुळगुळीत दाढी आप्पांना फार लागली. महेशच्या सुतकात कुणीतरी गरुडपुराण वाचत होतं. त्यातला नरक ऐकताना आप्पांच्या जिवाला पहिल्यांदा थंडावा मिळाला होता. खालचं कोर्ट दीड वर्ष देतं तर देऊ दे, वरचं कोर्ट कायमचं देईल, या एका भरवशावर ते पुढे जगले. हा भरवसा काढून घेतला असता तर सकाळी उठून चूळ भरायचंही त्यांना कारण उरलं नसतं.

तो खंडेराव यंदा दिवाळीनंतर लिव्हर सुजून गेला. दुसऱ्याच दिवशी त्याचा मेव्हणा धोंडीराम आप्पांच्या दारात उभा. आत यायची त्याची छाती होईना.

"आप्पा, दाजी जायच्या आदी बोलले व्हते. पुराण वाचायचं तर निवृत्ती आप्पांनीच वाचावं, न्हाईतर नका वाचू."

आप्पांची बायको चंद्रभागा दाणे निवडत बसली होती. तिला वाटलं, आता हे पायातलं काढतात. पण आप्पा शांतपणे म्हणाले, "येतो. संध्याकाळी दिवा लावून ठेवा."

धोंडीराम गेल्यावर चंद्रभागेने विचारलं, "वाचायला चाललात का शिव्या द्यायला?"

"पोथीत आहे तेच वाचणार," आप्पा म्हणाले, आणि त्यांना नजर चुकवावी लागली. दहा दिवस मेलेल्याचा जीव त्या दिव्याच्या आसपास घुटमळतो आणि सगळं ऐकतो, असं सगळेच मानतात. म्हणजे खंडेराव समोर असणार होता. उठून जाता येणार नाही, उलट बोलता येणार नाही. अकरा वर्षं भिंतींना सांगितलेली शिक्षा आता ज्याची त्याला ऐकवायची होती. आप्पांनी नवा सदरा काढला.

पहिले दिवस ते नेमाने वाचत गेले. कोपऱ्यात ज्वारीच्या पिठावर दिवा, शेजारी खंडेरावाची बायको लंकाबाई गुडघ्यांत मान घालून बसलेली, आणि तिची नववीतली पोर हर्षाली तिला टेकून. गर्दी मात्र रोज वाढत होती. आप्पा खंडेरावाला कसं तळतात हे बघायला लोक आले होते, दुसरं काय! पण नेमक्या नरकाच्या दिवशी शेजारच्या गावात लग्नाची हळद निघाली आणि निम्मं गाव तिकडे पांगलं. हर्षालीला तिची मामी जेवायला घेऊन गेली. घरात आप्पा, लंकाबाई आणि दिवा एवढेच उरले.

आप्पांनी वाचलं. तसं त्यांनी आजवर कधी वाचलं नव्हतं. कपाळावरची शीर तटतटली, घाम सदऱ्यात उतरला. पोथीवरची नजर काढून ते दिव्याकडे बघत बोलत होते, कारण अध्याय तोंडपाठच होता. शेवटी पोथी मिटून त्यांनी ते पदरचं वाक्य घातलं, "आणि इथून सुटका नाही. कधीच नाही."

लंकाबाईने मान वर केली. "कधीच नाय?"

"नाही."

"युगं सरली तरी?"

"सरली तरी."

ती म्हणाली, "मंग आप्पा, माझंबी नाव घाला तिथं. चावी म्या दिली व्हती."

"कसली चावी?" आप्पांनी विचारलं.

"त्ये पिऊन आले की मी गाडीची चावी पिठाच्या डब्यात लपवायची. रोजचंच व्हतं. त्या दिवशी पोरीला लय ताप व्हता, डोळं फिरवाया लागली. तीन वर्साची व्हती. दिसत व्हतं मला, त्यान्ला नीट उभं ऱ्हाता येत नाय. तरी म्याच डबा उघडला, चावी हातात दिली, म्हनलं औषिद घेऊन या. कोर्टात त्ये बोलले न्हाईत, मला बोलू दिलं न्हाई. आन पोरीला ह्ये ठावं नाय. तिला सांगू नका आप्पा, तिला वाटंल आपल्यापायीच झालं."

ती रडत नव्हती. आपलं नाव कुठे लिहितात याची वाट बघत बसावं तशी बसली होती.

खंडेरावाला कायमचं देताना जीभ कधी अडखळली नव्हती. आता या बाईला द्यायचं? का तापाने फणफणलेल्या तीन वर्षांच्या पोरीलाही थोडं द्यायचं? कायमचं म्हणजे किती, हे आप्पांनी कधी मोजूनच पाहिलं नव्हतं. या बाईच्या वाट्याचं मोजायला घेतलं तर पट्टी पुरेना. आणि मग त्यांना ते आठवलं, जे त्यांनी चंद्रभागेलाही कधी सांगितलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "त्या संध्याकाळी महेश जेवायला बसला होता. विड्याची पानं संपली म्हणून मी त्याला ताटावरून उठवलं. जेवल्यावर जातो म्हणाला, तर मी खेकसलो. पानासाठी, बाई. दोन पानांसाठी."

लंकाबाईने काही समजूत घातली नाही. उठली, तांब्याभर पाणी आणून त्यांच्यापुढे ठेवलं आणि परत जागेवर बसली. आप्पा हमसून हमसून रडले. अकरा वर्षांत ते असे रडले नव्हते. रागाने रडायला सवडच दिली नव्हती. खंडेरावाचा राग गेला का म्हणाल, तर नाही गेला. दारू प्यायला होता तो, आणि ती काही कुणी त्याच्या नरड्यात ओतली नव्हती. पण राग असणं वेगळं आणि न संपणारी आग मागणं वेगळं, हे त्यांना त्या ओसरीवर बसल्या बसल्या कळलं. डोळे पुसून त्यांनी पोथी परत उघडली.

"एक वाक्य मी चुकीचं बोललो," ते म्हणाले. दिव्याला म्हणाले की लंकाबाईला, कोण जाणे. "पोथीत तसं नाही. भोग आहे, पण त्याला शेवट आहे. नीट ऐक आता." आणि आजवर कुठल्याच घरी न वाचलेला तो पुढचा भाग त्यांनी सावकाश, अक्षर अक्षर लावत वाचला. आवाज बसला होता, पण लंकाबाईला सगळं ऐकू गेलं.

घरी गेल्यावर त्यांनी चंद्रभागेला पानांचं सांगितलं. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "ताट मीच उचललं होतं ना त्याचं." मग तिने दोघांसाठी चहा टाकला.

दहाव्या दिवशी बाणगंगेच्या घाटावर सगळं गाव जमलं. पिंडाला शिवायला कावळ्याने फार आढेवेढे घेतले नाहीत. त्यावरही दोन-चार जण नाराज झालेच. मग तिलांजलीची रांग लागली. आधी भाऊबंद, मग सोयरे. प्रत्येकाच्या ओंजळीत गुरुजी तीळ घालत, मयताशी नातं विचारत, आणि तो पाणी सोडून बाजूला होई. चुलतभाऊ. मेव्हणा. भाचा. रांग संपली असं वाटून गुरुजींनी तिळाची वाटी खाली ठेवली, तेवढ्यात निवृत्ती आप्पा धोतर खोचून पाण्यात उतरले. लंकाबाईने हर्षालीचा हात घट्ट धरला.

गुरुजी बाहेरगावचे, त्यांना काय माहीत. त्यांनी आप्पांच्या ओंजळीत तीळ घातले आणि नेहमीच्या सुरात विचारलं, "मयताचे आपण कोण?"

ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळत होतं, म्हणून त्यांनी बोटं आवळून धरली.

"मी महेशचा बाप," ते म्हणाले. "पाणी खंडेरावाला द्यायचंय."