आपाकुकीनं मागून घेतलेल्या गोळ्या

तर काल सांगत होतो, आपाकुकीचा पाय घोट्यापर्यंत सुजला होता. हा आपाकुकी आमच्या फिजीच्या बेटावर खोबरं वाळवणारा हसरा गडी. आठवड्यापूर्वी त्याची कंबर धरली. चुलतबहीण लितियानाकडे दम्यासाठी डॉक्टरनं दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या उरल्या होत्या. त्यानं मागितल्या, तिनं दिल्या. आमच्यात नातलगानं मागितलं की नाही म्हणत नाहीत. दोन दिवसांत गडी नाचायला लागला! मग झोप उडाली, तहान काही भागेना. समुद्रातल्या धारदार पोवळ्याच्या खडकानं पाय कापला होता, पण ताप नाही, ठणका नाही, म्हणून त्यानं बघितलंच नाही.

नर्सबाई होडीनं आली. तिनं साखर तपासली आणि तिचा चेहराच उतरला.

"अरे भल्या माणसा, चार-पाच दिवस घेतल्या तरी या गोळ्यांनी साखर चढते, अन् जखम आत पिकली तरी कळत नाही. आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चल, नाहीतर पाय जाईल. अन् उरलेल्या गोळ्या आधी इकडे आण!"

आपाकुकी खाली बघत म्हणाला, "त्या काल चर्चच्या पाळकांनी मागून नेल्या, बाई. त्यांचा गुडघा दुखतो, अन् साखर तर त्यांना कधीपासूनच आहे."