गूळ आणि विडीचा डबा

मुलांनो, धाकट्याला दोन महिने खोकला आहे आणि तो म्हणतो, "थंडीचाच आहे गं आजी." म्हणून आजच लिहायला बसले.

साठच्या दशकात अकोल्याला आमच्या घरासमोर कापसाचं जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, होतं. तिथला एक कामगार रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर टेकायचा. पत्र्याच्या डब्यातून गुळाचा खडा काढून तोंडात टाकायचा आणि त्याच डब्यातली विडी पेटवायचा. कापसाच्या धुळीचा खोकला गुळाने जातो, असं जिनात सगळेच मानत.

"मग विडी कशाला?" मी विचारायची.

"गूळ घशाले बाई, विडी जिवाले," तो हसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

पावसाळ्यात जिन बंद झालं की सगळ्यांचा खोकला थांबे. एका श्रावणात मात्र तो खोकतच आला.

"जिन बंद होऊन दोन महिने झाले, बाई. मंग हा खोकला काहून जाऊन नाही राहिला? हा कापसाचा नोहे."

"छातीचा फोटो काढून घ्या."

"अन् त्यात काही निघालं तं?"

"निघायचं ते आत्ताच निघू द्या."

फोटोत लहानसा डाग निघाला. तो कॅन्सर होता, पण पसरलेला नव्हता. नागपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी विडीलाच दोष दिला.

पुढच्या हंगामात तो ओट्यावर आला, गुळाचा खडा खिशात टाकला आणि डबा माझ्यापुढे ठेवला. "आता गुळापुरता खिसा पुरते."

मी त्या डब्यात बटणं ठेवते. झाकण उघडलं की अजून विडीचा वास येतो.