चाळीसच्या वेगानं स्पोर्ट्स कार

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी स्पोर्ट्स कार घेतली आणि पहिल्याच आठवड्यात दुधाचे कॅन लावलेल्या एका मोपेडनं तिला मागं टाकलं. मोपेडवाल्यानं वळून पाहिलं. "ताई, ढकलू का?" असं त्यानं अगदी मनापासून विचारलं.

दोष गाडीचा नव्हता. नवं इंजिन मोकळं होईपर्यंत, म्हणजे पहिले दीड हजार किलोमीटर, ते जपून चालवायचं असतं. गाडीसोबतच्या पुस्तकात तसं लिहिलं होतं. पुस्तक तसं बरंच उदार होतं, पण आमच्या घरी पुस्तकाच्या वर आप्पा.

आप्पा म्हणजे माझे वडील. उमरग्यात त्यांनी चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले. दोन वर्षांपूर्वी आई गेली, त्याच महिन्यात त्यांनी गॅरेजला कुलूप लावलं आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीत जाऊन बसले. टीव्ही बंद असला तरी तिकडंच बघायचे. मी दातांची डॉक्टर. लोकांना तोंड उघडायला लावणं हा माझा धंदा, पण आप्पांपुढं माझं काही चालेना. रागावणं नाही, टोमणा नाही, भाजीत मीठ कमी म्हणून तक्रार नाही. काहीही विचारलं तरी, "तुला बरं वाटंल तसं कर." त्या वाक्याची मला भीती वाटायला लागली होती.

मग गाडी आली. लाल, बसकी, दोनच सीटांची. (ती मी आप्पांसाठी घेतली असं शेजारी म्हणतात. साफ खोटं. मला लहानपणापासून हवी होती.) आप्पा खुर्चीतून उठले, बॉनेटला कान लावून उभे राहिले आणि म्हणाले, "चाळीसच्या वर न्यायची न्हाय."

"आप्पा, पुस्तकात तर..."

"पुस्तक लिवणाऱ्यानं कधी इंजिन खोललंय का?"

तेव्हापासून दवाखाना आटोपला की आम्ही रोज निघायचो. आप्पा डोळे मिटून, खिडकीची काच खाली करून आवाज ऐकत बसायचे. "आता गिअर बदल. आता जरा वढू दे. आता सोड." तेवढंच बोलायचे, पण तेवढ्यासाठी मी कितीही मोपेडी पुढं जाऊ द्यायला तयार होते.

एके दिवशी लोहाऱ्याच्या रस्त्याला लागलो. या रस्त्यावर गाडी हळू चालली की त्याचा अर्थ एकच, ड्रायव्हर सीट, म्हणजे पॅसेंजर, शोधतोय. एका फाट्यावर एका आजींनी हात केला. मी काय झालं म्हणून थांबले, तोवर त्यांनी आप्पांच्या बाजूचं दार उघडलंसुद्धा.

"लोहाऱ्याला जाती न्हवं?"

"आजी, ही जीप नाही. मागं जागाच नाही हिला."

"मागं कशाला? म्होरंच बसते की."

आप्पा गुडघ्यावर हात टेकत खाली उतरले. "बसा माय. नंदा, सोडून ये ह्यांना. म्या हितं लिंबाखाली थांबतो." आणि वर बोट उगारून, "चाळीस!"

आजी वाटभर नाराज होत्या. "जिपीनं गेले असते तर आतापस्तोर भाकरी टाकून झाल्या असत्या." लोहाऱ्यात उतरताना त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "इंजिन दाखवून घे बाई कुणाला तरी."

परत फाट्यावर आले तर लिंबाखाली कुणी नव्हतं.

फोन लावला. तो माझ्याच शेजारी, दाराच्या कप्प्यात वाजला.

आप्पांना अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं. त्यात शुगर. आणि दोन वर्षांत ते एकटे आमच्या फाटकाबाहेरही गेले नव्हते. लोक म्हाताऱ्या बापाला वाऱ्यावर सोडतात असं ऐकलं होतं. स्पोर्ट्स कारमधून नेऊन सोडणारी मी पहिलीच. त्यानंतर स्पीडचा काटा कुठं गेला, मी पाहिलं नाही. दोन किलोमीटर पुढं, दोन मागं, पुन्हा पुढं. इंजिन किंचाळत होतं आणि आत मी.

तिसऱ्या फेरीला रस्त्याकडेच्या रानात एक बंद पडलेला ट्रॅक्टर दिसला. त्याच्या दिव्यावर पांढरी टोपी अडकवली होती. काम करताना टोपी दिव्यावर अडकवणारा माणूस या जगात मला एकच माहीत आहे.

मी ढेकळांतून पळत सुटले. एक चप्पल मागं राहिली. आप्पा कोपरापर्यंत काळे झाले होते आणि शेजारी ट्रॅक्टरचा मालक पाना धरून अदबीनं उभा होता.

"आप्पा," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

त्यांनी मान वर केली नाही. "इंजिन कोण बोंबलवत हुतं? तीन बार गेलीस रस्त्यानं, सगळं ऐकलंय म्या. नवं इंजिन हाय ते. काय अक्कल हाय का न्हाय तुला? एवढी शिकली, दवाखाना काढला, अन् चाळीस कळंना व्हय?"

चांगली पाच मिनिटं ते मला झाडत होते. मी उभी राहून रडत होते. मालक बिचारा म्हणाला, "जाऊ द्या बाबा, चुकलं ताईचं." त्याला काय सांगू? आई गेल्यापासून आप्पा माझ्यावर एकदाही रागावले नव्हते. मला आणखी अर्धा तास चाललं असतं.

पण आप्पांना काम होतं. डिझेलची नळी फुटली होती. ती उमरग्यातून आणायची, नळी आप्पांनीच निवडायची आणि दुकान ट्रॅक्टरवाल्याच्या ओळखीचं, म्हणजे दोघांनीही जायला हवं. "किल्ली आण," आप्पा म्हणाले. "तू हात लावायचा न्हाय आता गाडीला."

मालक घुटमळला. "ट्रॅक्टर असा सोडून कसं यावं?"

"ही थांबती की. डॉक्टर हाय, कुठं जात न्हाय."

दोन वर्षांनी आप्पा स्टिअरिंगवर बसले. काळे हात माझ्या पांढऱ्याशुभ्र सीटला पुसले आणि निघाले. रस्ता सरळ होता आणि वेग चाळीस, त्यामुळं माझी गाडी मला फार वेळ दिसत राहिली. मी एका पायात चप्पल घालून ट्रॅक्टरवर चढून बसले आणि डोळे पुसले.

तेवढ्यात बांधावरून एक बाई आल्या. ट्रॅक्टरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"ताई, आमचं बी रान नांगरून द्याल का?"

मी म्हटलं, "आप्पांना विचारून सांगते."