चिउदी आणि लवेच्या पानाचा चहा

ज्या विश्वंभराने एका पानात जाग ठेवली आणि त्याच्याच भावंडाच्या पानात शांती ठेवली, त्याला आधी दंडवत घालावा आणि मग नानकुन डोंगरातल्या चिउदीचे नाव घ्यावे. कारण त्या शांतीची राखण करता करता बाईचा जीव मेटाकुटीला आला होता.

माथ्यावरच्या रानचहाच्या पानाला पाठीशी मऊ लव. तो रात्री जेवणानंतर प्यावा आणि निवांत निजावे, ही तिथली रीत. साध्या चहाने चिउदीच्या सासूचे काळीज धडधडे, म्हणून तिची सारी भिस्त या लवेच्या पानावर. नवरा शुइशेंग याला माथा चढण्याचा कंटाळा. त्याने रानचहाचे एकच झुडूप आणून घरामागे लावले, तेही साध्या चहाच्या ओळीला खेटून. त्याच्या फांद्या मातीत मुळे धरीनात, तेव्हा त्याचे बी पेरून त्याने अख्खा उतार भरला. रोपांना लव आली आणि स्वारी खूश झाली.

पहिल्या खुडणीचा चहा सासू रात्री प्यायली. सकाळी पाहावे तो अंगण झाडलेले, भांडी घासलेली, आणि म्हातारी छातीवर हात ठेवून उंबऱ्यात बसलेली.

"डोळ्याला डोळा लागला नाही गं."

"वय झालं, आई," शुइशेंग म्हणाला.

"ते काय काल रात्रीतच झालं?" चिउदीने विचारले.

शेवटी तिची भाची वेइरुई, जी चहाच्या संशोधन केंद्रात होती, पाने तपासून आली.

"काका, यात कॅफीन आहे. कोवळं पान प्युरीन नावाच्या रेणूचा सांगाडा घेतं आणि त्याला मिथाइलच्या टिकल्या लावत जातं. तिसरी लागली की कॅफीन. रानचहाचं विकर, म्हणजे या टिकल्या लावणारं प्रथिन, दोनवरच थांबतं, त्याचं होतं थिओब्रोमिन; त्यानं झोप उडत नाही. पण या झुडपाला स्वतःचा पराग चालत नाही. मधमाशांनी शेजारच्या साध्या चहाचा आणला. तिसरी टिकली बापाकडून आली."

"दिसायला तर अगदी आईवर गेलीत रोपं," शुइशेंग म्हणाला.

"तुम्हीही आईवरच गेलात," चिउदी म्हणाली. "पण त्या निदान ऐकतात."

"अगं, गावात विकला तर कुणाला कळणारे?"

"कळणार नाही. फक्त झोप येणार नाही. आणि आईंसारखं काळीज असलेलं कुणी प्यालं, तर तुम्ही जाणार का त्याच्या उशाशी?"

शुइशेंग फुरंगटून बसला. त्या रात्री जेवण झाल्यावर आईने पेल्यात नुसते गरम पाणी ओतून घेतले आणि तेच प्यायली. दुसऱ्या दिवशी तो करवत घेऊन उतारावर गेला. चिउदी माथ्यावरच्या जुन्या झाडाच्या डहाळ्या घेऊन आली. तो एकेक रोप बुंध्याशी कापी, ती त्यावर डहाळीचे कलम बांधी.

"मुळं तशीच राहिली की," तो कुरकुरला.

"कॅफीन कोवळ्या पानात घडतं. आता पानं माथ्यावरची येतील. सरळ धरा, हलू नका. एवढं तरी जमेल?"

त्याने सरळ धरले.

हे दयाघना, या कलमांना पालवी दे. त्या माउलीच्या डोळ्यांना झोप दे, शुइशेंगला थोडे ऐकण्याचे कान दे, आणि चिउदीला व तिच्या साऱ्या घराला तुझ्या कृपेच्या सावलीत सुखाने नांदव.