सोमेश्वर आप्पांचं भिंग

चौसाळ्याच्या शाळेत सोमेश्वर आप्पांनी एकतीस वर्षं प्रयोगशाळेच्या बाटल्या धुतल्या. गुरुजी शिकवायचे, आप्पा भिंतीला टेकून ऐकायचे, आणि पोरांपेक्षा त्यांच्याच डोक्यात जास्त राहायचं. निवृत्तीला शाळेनं शाल दिली; आप्पांनी मात्र तोंडानं मागून घेतलं ते एक भिंग, कडेचा टवका उडालेलं. तेव्हापासून कुणाच्या फळात कीड दिसली, की तो ती काडीपेटीत घालून आप्पांच्या ओट्यावर हजर.

आप्पांचा थाट बघण्यासारखा. अळी स्टीलच्या ताटलीत सोडायची, भिंग डोळ्याशी न्यायचं आणि समोर एकटाच माणूस असला तरी अख्ख्या वर्गाला सांगावं तशा खड्या आवाजात सुरू व्हायचं. "पाय न्हाईत. डोकं असं न्हाईच, नुसतं टोक, त्यात काळे आकडे. मागची बाजू बोथट, तिथं दोन ठिपके, त्यातून ती श्वास घेती. ही फळमाशीची." पाय असले आणि डोकं तांबूस असलं, तर ती पतंगाची, फळ पोखरणारी. दोघींचा इलाज वेगळा, म्हणून एवढा खटाटोप. आत गंगासागरकाकू कपाळाला हात लावायच्या. आमच्याकडं पाव्हण्यांपेक्षा किडेच जास्त येतात, असं येणाऱ्याला ऐकवायच्या आणि चहा मात्र न चुकता टाकायच्या.

गेल्या वर्षापासून आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. नवरा कपाचा कान चाचपडून शोधतो, हे बायकोला वेगळं सांगावं लागत नाही. पण भिंग सुटलं तर हा माणूस निम्मा होईल, या धास्तीनं काकूही गप्प होत्या.

श्रावणात शेजारच्या आळीतला राधाकिशन आला. त्याच्या जांबांचा, म्हणजे पेरूंचा, हा पहिलाच बहार होता आणि पिकायला आलेली फळं आतून किडत होती.

"आप्पा, फवारू का सापळे लावू? आता चुकलो तर समदा बहार गेला."

आप्पांनी भिंग धरलं. बराच वेळ धरलं. मग म्हणाले, "पाय हायत. डोकं तांबूस. पोखरणारी हाय, फवार. सापळ्याची गरज न्हाई."

राधाकिशन चप्पल घालायला वळला. काकू ताटली उचलायला वाकल्या, तोच अळीनं अंग वाकवून शेपटीला तोंड लावलं आणि टुणकन उडी मारली. पतंगाची अळी अशी उडत नाही. इतकी वर्षं दाराआडून ऐकून काकूंना ते पाठ झालं होतं. फळात दडलेल्या या अळीपर्यंत फवारा पोचत नाही, सापळे लावून माश्याच धराव्या लागतात, हेही पाठ होतं. चारचौघांत नवऱ्याचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नव्हता. पण इथं राधाकिशनची बाग जाणार होती.

त्यांनी ताटली तशीच नेऊन आप्पांच्या कानाशी धरली. टक. थोड्या वेळानं पुन्हा टक.

आप्पांचा चेहरा उतरला. बाहेर मोटारसायकलला किक बसली, तसे ते भिंतीला हात लावत ओट्याच्या कडेला आले.

"राधाकिशन, थांब. मला दिसत न्हाई रे. सा महिने झाले. आता बी अंदाजानंच बोललो."

राधाकिशन गाडी बंद करून परत ओट्याशी आला. आप्पांनी भिंग बायकोपुढं केलं. "मागं दोन ठिपके हायत का, बघ."

काकूंनी पदराला हात पुसले. भिंग जवळ नेलं, लांब नेलं, आणि एकदाचं नीट दिसलं. "हायत. दोन हायत. पाय एक बी न्हाई."

"सापळे लाव," आप्पा राधाकिशनला म्हणाले. "आन् खाली पडलेले जांब येचून खोल पुर." मग बायकोकडं वळून हळूच विचारलं, "तुला कवापासून येतं हे?"

"तुमी लई मोठ्यानं शिकवता," काकू म्हणाल्या.

निम्म्याहून जास्त बहार वाचला. दिवाळीआधी राधाकिशननंच आप्पांना बीडला नेऊन डोळ्यांचं ऑपरेशन करून आणलं. आता आप्पांना ओट्यावरून लांबच्या ट्रकचे नंबर वाचता येतात, आणि कुणी विचारो न विचारो, ते मोठ्यानं वाचून दाखवतात. काडीपेटी आली की मात्र ताटली पुढं ओढतात, भिंग धोतराला पुसतात आणि आत हाक मारतात, "अगं, भाईर ये. आधी तू बघ."