सरळ नसलेला फोटो

भंडाऱ्यातल्या एका दवाखान्यात मी ऑपरेशनच्या वेळी एक्स-रे काढतो. मुळातच मी कमी बोलतो, आणि या कामात ते खपून जातं. यंत्र लावायचं, चित्र पडद्यावर आणायचं, विचारलं तर सांगायचं. त्या दिवशी विचारलं होतं.

माणूस सिहोऱ्याकडचा, राईस मिलमधला हमाल. थप्पीवरून पोतं मानेवर कोसळलं आणि मणका सरकला. तो स्क्रू टाकून बसवायचा होता. स्क्रूच्या एका अंगाला मज्जारज्जू, दुसऱ्या अंगाला मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी, पुढे हातात उतरणारी नस. हाडाच्या आत स्क्रू कुठं चाललाय ते सर्जनला डोळ्यांनी दिसत नाही, पडद्यावर दिसतं तेवढंच.

मानेच्या खालच्या मणक्यांवर खांद्यांची सावली येते, म्हणून आम्ही खांदे चिकटपट्टीनं पायांकडे ओढून बांधतो. याचे खांदे पोती वाहून जाडजूड झालेले, त्यातही उजवा चढलेला. मी सवयीनं दोन्ही सारखेच ओढले. अंग जरासं पिळलं गेलं असावं. मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या कडा चित्रात एकावर एक बसायला हव्यात. इथं त्या सरकून दोन वेगळ्या दिसत होत्या. अशा चित्रात बाहेर गेलेला स्क्रूही आत वाटू शकतो.

मी यंत्र थोडं फिरवलं. पुन्हा फिरवलं. नागपूरहून आलेले सर्जन म्हणाले, "काय जी, लग्नाचा अल्बम काढून राहिले का? नवरदेव पालथा आहे म्हटलं!"

सगळे हसले. मीही हसलो.

"सरळ आहे का आता?"

"सरळ आहे, सर."

कडा अजून दोन होत्या.

तो शुद्धीवर आला तेव्हा पाय हलत होते, डावा हात हलत होता. उजव्या हाताची बोटं मात्र लुळी. त्याची बायको मला वॉर्डाच्या दारात भेटली. "भाऊ, मान तं बसली म्हंतेत. मंग बोटं काहून उठून नाई राहिले?"

"येतील," मी म्हणालो. तेही माहीत नसताना.

दुसऱ्या दिवशीही बोटं उठली नाहीत. तेव्हा सर्जनला फोन लावला आणि सांगून टाकलं, तो फोटो सरळ नव्हता. त्यांनी आधी सीटी स्कॅन करायला सांगितलं. मग विचारलं, "तेव्हा काहून नाही बोलले?" तुम्ही हसलात म्हणून, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

सीटी स्कॅन केला. उजवीकडचा एक स्क्रू नसेच्या वाटेत घुसला होता. परत ऑपरेशनला नेऊन तो बदलला. हळूहळू अंगठा आला, त्याशेजारचं बोट आलं. बाकीची अर्धवट राहिली. सर्जन म्हणतात, नस पोत्याखालीच चेंगरली असेल, किंवा स्क्रूनं, किंवा दोन्हींनी. नक्की सांगता येत नाही. मला ते ऐकून सुटल्यासारखं व्हायला हवं होतं. उलट गुंता वाढला. निदान माझ्यामुळेच झालं असं कुणी म्हणालं असतं, तर ते तरी धरून बसलो असतो.

परवा तो तपासणीच्या फोटोला आला, बायको सोबत. दोघांना बसवून मी सगळं सांगितलं. खांदे, कडा, माझं खोटं.

त्यानं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे तुमच्यानं झालं?"

"माहीत नाही."

"मंग कोनाले माहीत?"

बायको तडकली. "डाक्टरले हसू आलं म्हून तुमी खोटं बोल्ले? लाज नाई वाटली जी तुमाले?"

"वाटली."

"आता वाटून काय करू मी? पोतं तं सोडाच, चहाचा कप धरता नाई येत यायले."

तो तिला गप्प बस म्हणाला नाही. माझ्यासमोर उजवा हात धरला आणि मूठ वळू लागला. दोन बोटं वळली, बाकीची मध्येच थांबली. तसाच हात धरून तो माझ्याकडे बघत राहिला. तो मला दाखवत होता की काही विचारत होता, हे मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.